कॅलिब्रेशनची गणितं नेमकी कुठे चुकतात: आयर्न-फिनॅन्थ्रोलिनचं एकच उदाहरण शेवटपर्यंत सोडवून

एमएस्सी ॲनालिटिकलची जर्नल्स तपासताना मला दरवर्षी तेच दिसतं. कॅलिब्रेशन ग्राफ (माहीत काँसन्ट्रेशनच्या सोल्यूशनवरून काढलेला) एकदम सुबक, आर-स्क्वेअर (लाइन पॉइंटना किती जुळते ते सांगणारा आकडा) ०.९९९ च्या पुढे, आणि खाली लिहिलेलं उत्तर चुकलेलं, कधी दुप्पट, कधी निम्मं, आणि उत्तराची अनिश्चितता सांगणारा ± तर नसतोच. फॉर्म्युला बहुतेकांना पाठ असतो, घोळ होतो तो कुठली पायरी आधी आणि कुठली नंतर यात, म्हणून इथे एकच प्रॅक्टिकल धरतो (बोअरच्या पाण्यातलं लोह, १,१०-फिनॅन्थ्रोलिन वापरून, ५१० नॅनोमीटरला) आणि तेच आकडे घेऊन शेवटपर्यंत जाऊ. वही-पेन घेऊन बसा आणि प्रत्येक आकडा स्वतः काढून बघा, नुसतं वाचून हे येत नाही.

१. आधी डायल्यूशनची साखळी कागदावर

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. पहिल्यांदा एक साधं चित्र काढायचं, कुठल्या फ्लास्कमधून किती एमएल काढलं आणि कुठल्या फ्लास्कमध्ये टाकलं.

आपली साखळी अशी: मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) ०.७०२२ ग्रॅम, थोडं सल्फ्युरिक ॲसिड घालून १ लिटर, म्हणजे लोह १०० मिलिग्रॅम प्रति लिटर. त्यातलं १० एमएल घेऊन १०० एमएल केलं की १० मिलिग्रॅम प्रति लिटर. या दुसऱ्या सोल्यूशनचे ५, १०, १५, २०, २५ एमएल वेगवेगळ्या ५० एमएलच्या फ्लास्कमध्ये, म्हणजे १, २, ३, ४, ५ मिलिग्रॅम प्रति लिटर (हे आपले स्टँडर्ड), आणि सहावा फ्लास्क ब्लँक (लोह न घातलेला). पाण्याचं सॅम्पल २५ एमएल घेऊन तेही ५० एमएलच्याच फ्लास्कमध्ये.

आता इथेच, अजून काहीही मोजायच्या आधी, मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: सॅम्पलचा डायल्यूशन फॅक्टर = ५० ÷ २५ = २. हे शेवटी आठवेल असं म्हणणाऱ्यांना शेवटी ते आठवत नाही, ग्राफवरून आलेला आकडा तसाच उत्तर म्हणून उतरवला जातो आणि उत्तर निम्मं येतं.

सावधान: ग्राफच्या एक्स अक्षावर 'घेतलेले एमएल' मांडू नका, काँसन्ट्रेशन मांडा. एमएल मांडलं तर लाइन तशीच सरळ येते पण स्लोपला (लाइनच्या चढाला) काही अर्थ राहत नाही आणि पुढच्या तीन पायऱ्यांत गोंधळ होतो.

२. स्टँडर्ड, ब्लँक आणि सॅम्पल, तिघांना सारखीच वागणूक

हायड्रॉक्सिलअमिन हायड्रोक्लोराइड आधी (ते फेरिक लोहाचं फेरस करतं), थोडं थांबायचं, मग फिनॅन्थ्रोलिन आणि ॲसिटेट बफर, मार्कपर्यंत पाणी, हलवायचं आणि १०-१५ मिनिटं रंग पूर्ण यायला द्यायची. हायड्रॉक्सिलअमिन घालायचं राहिलं तर फेरिक लोह रंगच देत नाही, त्यामुळे सॅम्पल कमी दिसतं, आणि मोहर सॉल्टचे स्टँडर्ड मात्र व्यवस्थित दिसतात कारण ते मुळातच फेरस असतात! ही चूक ग्राफ बघून कधीच पकडता येत नाही.

रिएजंटचं प्रमाणही मोजून बघा. एका लोहाला तीन फिनॅन्थ्रोलिन लागतात. ०.१ टक्क्याचं ५ एमएल घातलं तर ५ मिलिग्रॅमचा स्टँडर्ड आरामात निघतो. पण बाटलीतलं संपत आलंय म्हणून कोणी २ एमएलवर भागवलं तर तेवढं रिएजंट फक्त साधारण ३.८ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंतच्या लोहाला पुरतं, आणि ४ आणि ५ चे स्टँडर्ड जवळपास सारखंच रीडिंग देतात. मग मुलं इन्स्ट्रुमेंटला दोष देत बसतात.

चेक: ४ आणि ५ च्या फ्लास्कचा नारिंगी-लाल रंग नुसत्या डोळ्याने वेगळा दिसतोय का? दिसत नसेल तर रीडिंग घेऊ नका.

३. रीडिंग घेताना: शून्य कशावर केलं ते लिहा

शून्य दोन प्रकारे करता येतं, डिस्टिल्ड वॉटरवर किंवा रिएजंट ब्लँकवर. दोन्ही चालतं. पण जे केलं ते जर्नलमध्ये लिहा आणि सगळ्या फ्लास्कना तेच ठेवा. आपण वॉटरवर केलंय, म्हणून ब्लँकलाही रीडिंग आहे (डावीकडे मिलिग्रॅम प्रति लिटर, उजवीकडे ॲबसॉर्बन्स, म्हणजे सोल्यूशन किती प्रकाश शोषतं ते):

० → ०.००६
१ → ०.२०३
२ → ०.४०८
३ → ०.६०१
४ → ०.८०६
५ → ०.९९८

सॅम्पलचे तीन फ्लास्क: ०.४५२, ०.४५८, ०.४४९.

इथे थोडं थांबतो कारण सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. तीन रीडिंग म्हणजे तीन *फ्लास्क*. एकच फ्लास्क, एकच क्युवेट, आणि बटण तीनदा दाबून ०.४५२, ०.४५२, ०.४५३ घेतलं तर ते रेप्लिकेट (स्वतंत्रपणे पुन्हा केलेली मोजणी) नाही. त्याने फक्त डिटेक्टर किती स्थिर आहे ते कळतं. पिपेटची चूक, मार्कपर्यंत भरायची चूक, रंग यायला कमी वेळ दिल्याची चूक, हे सगळं तिन्ही रीडिंगमध्ये सारखंच बसलेलं असतं त्यामुळे स्टँडर्ड डेव्हिएशन खोटं छोटं येतं, आणि विद्यार्थ्याला वाटतं काय मस्त प्रिसिजन आली.

४. लाइन काढायच्या आधी पॉइंट बघा, काढल्यावर रेसिड्युअल बघा

आपल्या डेटाची लीस्ट स्क्वेअर लाइन: स्लोप ०.१९८९, इंटरसेप्ट (एक्स शून्य असताना लाइनवरची किंमत) ०.००६४, आर-स्क्वेअर ०.९९९९. छान आहे, पण एवढ्यावर थांबायचं नाही.

दुसऱ्या एका ग्रुपचे आकडे समजा असे आले: ०.००६, ०.२०४, ०.४००, ०.५८८, ०.७६८, ०.९३८. याचा आर-स्क्वेअर काढा. ०.९९९२ येतो. 'तीन नऊ आले, लिनिअर आहे' असं लिहून मुलं पुढे जातात. आता रेसिड्युअल काढा, म्हणजे प्रत्येक रीडिंगमधून लाइनवरची किंमत वजा करा:

−०.०१०९, +०.०००३, +०.००९४, +०.०१०६, +०.००३७, −०.०१३१

चिन्हं बघा. वजा, मग सलग चार अधिक, मग वजा. ही लाइन सरळ नाहीये, कमान आहे. आणि त्याचा फटका खालच्या टोकाला बसतो, या ग्रुपचा इंटरसेप्ट ०.०१६९ आलाय आणि ब्लँक खरं तर ०.००६ आहे, म्हणून ज्या फ्लास्कमध्ये खरोखर ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर लोह आहे तो या लाइनवर ०.०५ दाखवेल. निम्मं! आर-स्क्वेअर ०.९९९२ असताना.

आपल्या डेटाचे रेसिड्युअल: −०.०००४, −०.००२३, +०.००३८, −०.००२१, +०.००४०, −०.००३०. चिन्हं विस्कळीत आहेत, आकार छोटे आहेत. ही लाइन चालेल. कमान निघाली तर वरचा स्टँडर्ड काढून रेंज कमी करा किंवा सॅम्पल अजून डायल्यूट करा, नुसता वाकडा पॉइंट खोडू नका.

चेक: स्लोपवरून मोलर ॲबसॉर्प्टिव्हिटी (१ मोल प्रति लिटरला किती ॲबसॉर्बन्स) काढून बघा, ५५.८४५ हा लोहाचा अणुभार. ०.१९८९ × ५५.८४५ × १००० = साधारण ११,१००, आणि या कॉम्प्लेक्सची १ सेंटिमीटर क्युवेटमधली किंमत एवढीच असते. तुमचा स्लोप ०.१ च्या आसपास आला असेल तर लाइन कितीही सरळ असो, साखळीत कुठेतरी दुप्पट डायल्यूशन झालंय. हा अर्ध्या मिनिटाचा चेक आहे आणि कोणीच करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

५. एक्सेलमधून पूर्ण माहिती घ्या

ट्रेंडलाइन फक्त स्लोप, इंटरसेप्ट आणि आर-स्क्वेअर देते. आपल्याला त्यांच्या एररही पाहिजेत. त्यासाठी लाइनेस्ट फंक्शन: आधी वाय, मग एक्स (उलटं दिलं तरी उत्तर येतं, चुकीचं, एरर मेसेज येत नाही), मग ट्रू, ट्रू. जुन्या एक्सेलमध्ये ५ ओळी २ कॉलम सिलेक्ट करून कंट्रोल-शिफ्ट-एंटर. पहिल्या ओळीत स्लोप आणि इंटरसेप्ट, दुसऱ्यात त्यांच्या स्टँडर्ड एरर, तिसऱ्यात आर-स्क्वेअर आणि त्याच्या शेजारी लाइनभोवतीचा स्टँडर्ड डेव्हिएशन. हा शेजारचा आकडा पुढे सगळीकडे लागतो, त्याला इथे 'लाइनचा एस' म्हणू.

परीक्षेत हाताने काढायचं असेल तर रेसिड्युअलचे वर्ग करा, बेरीज करा (आपली ०.००००४८७), *एन वजा २* ने भागा, वर्गमूळ घ्या. ०.००००४८७ ÷ ४, मूळ ०.००३४९. वजा १ नाही, वजा २, कारण डेटातून स्लोप आणि इंटरसेप्ट अशा दोन गोष्टी आधीच काढून झाल्यात.

इंटरसेप्टची स्टँडर्ड एरर ०.००२५. चार डिग्री ऑफ फ्रीडमला (तेच एन वजा २) टी-टेबलमधला ९५ टक्क्यांचा टी २.७७६, म्हणजे इंटरसेप्ट ०.००६४ ± ०.००७०. शून्य यात बसतं. आता लगेच 'सेट इंटरसेप्ट झिरो' वर टिक करायची घाई असते, ती करू नका. शून्यापासून वेगळा आहे हे सिद्ध झालं नाही म्हणजे तो शून्य आहे असं होत नाही. बघा काय होतं: शून्यातून ओढलेल्या लाइनचा स्लोप ०.२००७ येतो. ०.०३६ रीडिंगचं सॅम्पल आपल्या लाइनवर ०.१४९, शून्यातल्या लाइनवर ०.१७९. वीस टक्के फरक, आणि कारण एवढंच की ब्लँकचं रीडिंग लोह म्हणून मोजलं गेलं.

६. अननोन काढा, राउंडिंग करू नका

सरासरी ०.४५३.
(०.४५३ − ०.००६३८) ÷ ०.१९८९१ = २.२४५ मिलिग्रॅम प्रति लिटर, *फ्लास्कमध्ये*.
× २ = ४.४९ मिलिग्रॅम प्रति लिटर, *बोअरच्या पाण्यात*.

'फ्लास्कमध्ये' आणि 'पाण्यात' हे शब्द प्रत्येक ओळीत लिहायची सवय लावा.

सावधान १: ब्लँक दोनदा वजा होतो. सॅम्पलच्या रीडिंगमधून आधी ०.००६ वजा केलं आणि मग फॉर्म्युल्यात परत इंटरसेप्ट वजा केला, असं खूप होतं. ब्लँक वजा करायचाच असेल तर सगळ्या स्टँडर्डमधूनही करा आणि लाइन नव्याने काढा. दोनदा वजा झाला की आपल्या केसमध्ये साधारण ०.०६ मिलिग्रॅम प्रति लिटर उडतात. ४.४९ मध्ये ते खपून जातं, पण पाण्यात मुळात ०.३ असेल तर पाचवा हिस्सा गेला.

सावधान २: स्लोप ०.२० आणि इंटरसेप्ट ०.०१ असं आधीच गोल करून बघा. उत्तर ४.४३ येतं. एवढी मेहनत करून ०.०६ नुसत्या राउंडिंगमध्ये घालवले. मधल्या पायऱ्यांत चार-पाच आकडे ठेवा, गोल फक्त शेवटच्या ओळीत.

७. ± कुठून येतो

इथे बहुतेक जण तीन सॅम्पल रीडिंगचा स्टँडर्ड डेव्हिएशन काढून तोच चिकटवतात. तो पुरेसा नाही, कारण लाइन स्वतःच सहा डळमळीत पॉइंटवरून काढलीय, तिची अनिश्चितता कुठे गेली?

अननोनचा स्टँडर्ड डेव्हिएशन = (लाइनचा एस ÷ स्लोप) × √[ १/सॅम्पलचे फ्लास्क + १/स्टँडर्डची संख्या + (सॅम्पल रीडिंग − सगळ्या स्टँडर्ड रीडिंगची सरासरी)² ÷ (स्लोप² × एक्सच्या फरकांच्या वर्गांची बेरीज) ]

आकडे भरा. लाइनचा एस ÷ स्लोप = ०.०१७५. कंसात १/३ + १/६ + तिसरं टर्म. स्टँडर्डची सरासरी ०.५०३७, सॅम्पल ०.४५३, एक्सची बेरीज १७.५, म्हणून तिसरं टर्म ०.००३७. सगळं मिळून ०.५०३७, मूळ ०.७०९७. म्हणजे ०.०१२४५. गुणिले टी २.७७६ = ०.०३४६ फ्लास्कमध्ये. आणि आता *यालाही* दोनने गुणायचं: ०.०७.

उत्तर: ४.४९ ± ०.०७ मिलिग्रॅम प्रति लिटर (९५ टक्के, ३ फ्लास्क).

टी च्या जागी १.९६ टाकू नका, तो भरपूर डेटा असतानाचा आहे. आणि टी साठी डिग्री ऑफ फ्रीडम ४ (लाइनची), ३ वजा १ असं २ नाही.

या फॉर्म्युल्यात प्रॅक्टिकल प्लॅन करायचं सगळं शहाणपण आहे, म्हणून थोडं खेळून बघा. सॅम्पलचा एकच फ्लास्क केला असता तर ± ०.०७ चं ± ०.११ झालं असतं. सॅम्पलचं रीडिंग ०.९९ म्हणजे लाइनच्या वरच्या टोकाला असतं तर फ्लास्कमधला ± ०.०३५ वरून ०.०४५ वर गेला असता. म्हणजे सॅम्पल असं डायल्यूट करा की ते लाइनच्या मधल्या भागात पडेल. पाचव्या स्टँडर्डच्या वर गेलं तर लाइन पुढे ओढून उत्तर काढायचं नाही, परत डायल्यूट करायचं, रंग आलेला फ्लास्क नव्हे, मूळ सॅम्पल.

८. वेगळं पडलेलं रीडिंग: आधी ठरवा, मग टेस्ट

समजा चार उत्तरं आली: ४.४६, ४.४९, ४.५१, ४.६८. क्यू टेस्ट (वेगळं पडलेलं रीडिंग काढता येतं का ते ठरवणारी): गॅप ०.१७ भागिले रेंज ०.२२ = ०.७७३. चार रीडिंगसाठी ९० टक्क्यांची क्रिटिकल व्हॅल्यू ०.७६५ आणि ९५ टक्क्यांची ०.८२९. म्हणजे ९० ला काढता येतं, ९५ ला काढता येत नाही! म्हणूनच लेव्हल डेटा बघायच्या आधी ठरवायची असते. नंतर ठरवली की माणूस नकळत आपल्याला हवं ते टेबल उघडतो.

आणि टेस्ट एकदाच. एक काढलं, मग उरलेल्यांवर परत, मग परत, असं करत राहिलात तर शेवटी दोनच रीडिंग उरतील. काढता येत नसेल आणि मन मानत नसेल तर पाचवा फ्लास्क करा, तेही जमत नसेल तर मीडियन द्या (इथे ४.५०).

चेक: स्टँडर्ड डेव्हिएशन काढताना एक्सेलमध्ये शेवटी 'एस' असलेलं फंक्शन, 'पी' असलेलं नाही. कॅल्क्युलेटरवर एन वजा १ वालं बटण. चार रीडिंगला या दोघांत १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडतो.

९. डिटेक्शन लिमिट

म्हणजे निदान किती लोह असेल तर ते 'आहे' असं म्हणता येतं. ३.३ × लाइनचा एस ÷ स्लोप = ०.०५८ फ्लास्कमध्ये, म्हणजे पाण्यात ०.१२ मिलिग्रॅम प्रति लिटर. क्वांटिटेशन लिमिटला (निदान किती असेल तर भरवशाने मोजता येतं) ३.३ च्या जागी १०. चूक दोनच: डायल्यूशन फॅक्टर विसरणं, आणि ० ते ५ च्या रुंद लाइनवरून काढलेल्या लिमिटवर फार विश्वास ठेवणं. खरंच कमी लोह मोजायचं असेल तर ० ते ०.५ मध्ये वेगळी लाइन काढा.

१०. रिकव्हरी, आणि ती काय पकडत नाही

सॅम्पलच्या फ्लास्कमध्ये १ मिलिग्रॅम प्रति लिटर एवढं स्टँडर्ड जास्त घाला. २.२४५ चं ३.१९ झालं तर रिकव्हरी (३.१९ − २.२४५) ÷ १ = साधारण ९५ टक्के. खूप कमी-जास्त आली तर सॅम्पलमधलं काहीतरी स्लोप बदलतंय, मग स्टँडर्ड ॲडिशनने (सॅम्पलमध्येच वाढतं स्टँडर्ड घालून काढलेल्या लाइनने) करा.

पण पाणी गढूळ असेल तर? गढूळपणा साध्या आणि स्टँडर्ड घातलेल्या अशा दोन्ही फ्लास्कमध्ये सारखीच भर घालतो, वजाबाकीत उडून जातो, रिकव्हरी १०० टक्के येते आणि उत्तर तरीही जास्तच राहतं. स्टँडर्ड ॲडिशनलाही हे कळत नाही. त्यासाठी फिनॅन्थ्रोलिन न घातलेला, बाकी सगळं घातलेला सॅम्पल ब्लँक वेगळा करावा लागतो.

११. दोन पद्धतींची तुलना: पेअर्ड की अनपेअर्ड

सहा विहिरींचं पाणी, प्रत्येक आपल्या पद्धतीने आणि ॲटॉमिक ॲबसॉर्प्शनने (एएएस):

आपली: ०.४२, १.१५, २.३१, ३.०८, ४.४९, ५.६२
एएएस: ०.४७, १.१९, २.३३, ३.१५, ४.५२, ५.७१

दोन कॉलम, दोन सरासऱ्या, साधा टी टेस्ट, टी येतो ०.०४, 'फरक नाही' असं लिहून मोकळे. चुकीचं आहे हे. इथे विहिरी-विहिरींमधला प्रचंड फरक पद्धतींमधल्या छोट्या फरकाला गिळून टाकतो. प्रत्येक विहिरीचा फरक घ्या: ०.०५, ०.०४, ०.०२, ०.०७, ०.०३, ०.०९. सरासरी ०.०५, स्टँडर्ड डेव्हिएशन ०.०२६, टी = ०.०५ ÷ (०.०२६ ÷ √६) = ४.७. पाच डिग्रीला टेबलमधली व्हॅल्यू २.५७१. फरक पक्का आहे, आपली पद्धत सहाही वेळा कमी दाखवतेय, आणि मग दुसऱ्या पायरीतलं हायड्रॉक्सिलअमिन पुरेसं होतं का ते तपासायला परत जायचं.

ओळखायची खूण सोपी आहे. एका कॉलममधल्या आकड्यांचा क्रम बदलला तर डेटाचा अर्थ बिघडतो का? बिघडत असेल तर पेअर्ड. एकाच पाण्याची पाच-पाच रीडिंग दोन मुलांनी घेतली असतील तर क्रम बदलून काही बिघडत नाही, तिथे आधी एफ टेस्ट (दोघांच्या रीडिंगचा विखुरलेपणा सारखा आहे का ते बघणारी), मग अनपेअर्ड टी.

१२. जर्नलमध्ये शेवटची ओळ

आधी ± गोल करा, एका आकड्यापर्यंत (पहिला आकडा १ असेल तर दोन ठेवा), आणि मग उत्तर तेवढ्याच दशांश स्थळांपर्यंत. ४.४९०६ ± ०.०६९१ असं लिहिलेलं चालत नाही, ४.४९ ± ०.०७. सोबत युनिट, कॉन्फिडन्स लेव्हल, किती फ्लास्क, आणि शून्य कशावर केलं होतं ते. व्हायव्हात पहिला प्रश्न बहुतेक वेळा याच ओळीवर येतो, 'हा ०.०७ कुठून आणला?', तेव्हा सातव्या पायरीचा कच्चा कागद जर्नललाच पिन केलेला असू द्या.